४१ मतांचा हिशेब

कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत, म्हणजे तिथल्या असेंब्लीत, ८० आमदार असतात. बहुमताला ४१ लागतात. विली ब्राऊन यांची कारकीर्द समजून घ्यायला एवढं एक गणित लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. हा गृहस्थ १९६५ पासून १९९५ पर्यंत सलग आमदार होता आणि त्यातली साडेचौदा वर्षं स्पीकर. तेवढ्या काळात राज्याने तीन गव्हर्नर पाहिले, स्पीकर मात्र तोच. शेवटी मतदारांनी राज्याच्या घटनेतच दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीत कुणाचंही नाव नव्हतं, पण रोख कुणावर आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

आपल्याला अमेरिकेचं राजकारण म्हटलं की व्हाइट हाउस आठवतं, फार तर सिनेट. पण शाळांना पैसे किती, तुरुंग किती, अपघातानंतर भरपाई कुणाकडून, कोणती गोष्ट गुन्हा आणि कोणती नाही, यातलं बरंचसं तिथे राज्यं ठरवतात. आणि राज्यात ते ठरतं अशा माणसांच्या हातून, ज्यांचं नाव शेजारच्या राज्यातही फारसं कुणी ऐकलेलं नसतं. ब्राऊन त्याला अपवाद. त्यांचं नाव सगळीकडे गाजलं.

आधी स्पीकर या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे विधानसभेचा अध्यक्ष निवडून आला की त्याने पक्ष बाजूला ठेवावा अशी अपेक्षा असते. ती कितपत पुरी होते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको, पण निदान अपेक्षा असते. कॅलिफोर्नियात तशी अपेक्षाच नाही. तिथे स्पीकर हाच सभागृहातल्या बहुमताचा उघड नेता. शिवाय गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला असतो, त्यामुळे आमदार फुटले म्हणून सरकार पडत नाही. मग फोडाफोडी कशासाठी? त्या एका खुर्चीसाठी.

खुर्चीत एवढं काय असतं? विधेयक मांडलं की ते एखाद्या समितीकडे जातं, आणि बहुतेक विधेयकांचा जीव समितीतच जातो. समित्यांवर कोण बसणार, अध्यक्ष कोण होणार, हे स्पीकर ठरवतो. आमदाराला ऑफिस मोठं की खुराड्याएवढं, हाताखाली माणसं किती, हेही त्याच्याच हातात. राज्याच्या मंडळांवर काही नेमणुका त्याच्या कोट्यातून होतात. १९९४ साली ब्राऊन यांनी कमला हॅरिस नावाच्या तरुण सरकारी वकिलाला अशाच दोन मंडळांवर नेमलं होतं. त्या सुमारास दोघांचे प्रेमसंबंध होते आणि ब्राऊन यांनी ते कधी लपवले नाहीत. भारतातल्या पुष्कळांनी ब्राऊन हे नाव ऐकलं ते याच संदर्भात, आणि तिथेच थांबले. वाईट याचं वाटतं की त्या माणसाच्या गोष्टीतला हा सगळ्यात कमी रंजक भाग आहे.

गोष्ट सुरू होते टेक्सासमधल्या मिनीओला या छोट्या गावात. जन्म १९३४ चा. गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी, शाळाही वेगळ्या. आई डॅलसला घरकामाला, पोराला वाढवलं आजीने. बूट पॉलिश, शेतातली वेचणी, मिळेल ते काम. १९५१ मध्ये, सतराव्या वर्षी, हा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला मामाकडे निघून आला. मामाचं नाव रेम्बर्ट कॉलिन्स, पण गाव त्यांना इट्सी म्हणायचं, आणि त्यांचा धंदा जुगाराचा. भाच्याने पत्त्यांऐवजी कायद्याचा अभ्यास केला. सफाई कामगार म्हणून, दारवान म्हणून राबत १९५५ ला पदवी आणि १९५८ ला कायद्याची पदवी घेतली. पण समोरच्याच्या हातात काय आहे याचा अंदाज बांधायची सवय मामाच्या घरातली असावी, असं मला आपलं वाटतं.

१९६१ मध्ये ते बायकोबरोबर नव्या वसाहतीतलं एक घर बघायला गेले. काळं जोडपं येताना पाहून विक्रेता पसार झाला. ब्राऊन यांनी तिथेच ठिय्या दिला, रोज माणसं वाढत गेली, वर्तमानपत्रांत फोटो आले. घर मिळालं नाही, मतदारसंघ मिळाला. १९६२ ची पहिली निवडणूक ते थोडक्यात हरले आणि १९६४ ला त्याच ज्येष्ठ आमदाराला हरवून सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीत, पोचले.

तिथे तेव्हा स्पीकर जेसी अनरू यांचं राज्य होतं. पैसा म्हणजे राजकारणाचं आईचं दूध, हे त्यांचं वाक्य अजूनही उद्धृत होतं. स्पीकरने देणग्या गोळा करायच्या, त्या आपल्या आमदारांच्या निवडणुकीत ओतायच्या आणि त्यांच्याकडून निष्ठा घ्यायची, ही पद्धत अनरू यांनी रुजवली. नवख्या ब्राऊन यांनी पहिल्याच संधीला अनरू यांच्याविरुद्ध मत दिलं, आणि त्याची किंमत मोजली. पण ते बघत होते, शिकत होते. १९७१ पर्यंत ते अर्थसंकल्पाची समिती चालवू लागले होते.

१९७४ मध्ये स्पीकरपदाची पहिली लढाई झाली. समोर लिओ मॅकार्थी, त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, त्यांच्याच शहरातले. जी मतं आपलीच म्हणून ब्राऊन यांनी गृहीत धरली होती त्यातली काही, काळ्या आणि लॅटिनो आमदारांची सुद्धा, मॅकार्थींकडे गेली. ब्राऊन हरले आणि काही काळ अडगळीत पडले. गृहीत धरलेलं मत मोजायचं नाही, हा धडा त्यांना त्या वर्षी मिळाला आणि पुढे वीस वर्षं पुरला.

अडगळीतल्या त्या दिवसांतच त्यांचं माझ्या मते सर्वांत मोठं काम झालं. राजीखुशीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढांना, मग ते समलिंगी असोत वा नसोत, गुन्हेगार ठरवणारा कायदा कॅलिफोर्नियात होता. तो रद्द करायचं विधेयक ब्राऊन १९६९ पासून मांडत होते आणि ते पडत होतं. १९७५ मध्ये ते असेंब्लीत पास झालं आणि राज्याच्या सिनेटमध्ये, जिथे ४० सदस्य असतात, मतं पडली २०–२०. बरोबरी झाली तर निर्णायक मत लेफ्टनंट गव्हर्नरचं, आणि ते मर्विन डायमली राज्याबाहेर होते. ब्राऊन यांचे मित्र जॉर्ज मॉस्कोनी सिनेटमधले बहुमताचे नेते होते. त्यांनी सभागृहाची दारं बंद करून कुणाला बाहेर जाऊ दिलं नाही आणि डायमली विमानाने येईपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं. २१ वं मत पडलं आणि कायदा बदलला.

आता १९८०. मॅकार्थी अजून स्पीकर, पण त्यांचं लक्ष वरच्या पदांकडे. आपण गोळा केलेला पैसा आपल्या निवडणुकांना मिळणार की यांच्या स्वप्नांना, अशी कुजबुज सुरू झाली आणि हॉवर्ड बर्मन यांनी बंड पुकारलं. वर्षभर एकाच पक्षाचे दोन गट एकमेकांचे उमेदवार पाडत राहिले. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर चित्र असं होतं: डेमोक्रॅट ४७, रिपब्लिकन ३३, आणि डेमोक्रॅटांतले बहुसंख्य बर्मन यांच्यामागे. खेळ संपल्यात जमा. मॅकार्थींना दिसलं की आपलं जमत नाही, मग त्यांचा गट ब्राऊन यांच्यामागे उभा राहिला. तरी ते सगळे मिळून २३.

ब्राऊन यांनी मग कुणी फारसं न बघितलेल्या बाजूला बघितलं. रिपब्लिकनांना स्पीकरपद मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मतांना कुणी भाव विचारत नव्हतं. ब्राऊन यांनी विचारला. त्यांच्या नेत्या कॅरल हॅलेट यांच्याशी बोलणी झाली: समित्यांत जास्त वाटा, कर्मचारी जास्त, वागणूक बरी. २८ रिपब्लिकन आले. २३ आणि २८, एकूण ५१. डेमोक्रॅटिक पक्षातल्या निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा नसताना डेमोक्रॅटिक स्पीकर निवडून आला, आणि तो राज्याच्या इतिहासातला पहिला कृष्णवर्णीय स्पीकर होता.

हे वाचताना पक्षांतरबंदी कुठे गेली, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्याकडे तो कायदा १९८५ चा. अमेरिकेत असा कायदाच नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नाही. व्हिप हा तिथे आदेश नसतो, माणूस असतो. मतं मोजायची आणि गळ घालायची हे त्याचं काम. पक्षाने तिकीट कापायचं म्हटलं तरी तिकीट पक्षश्रेष्ठींकडे नसतंच, उमेदवार प्राथमिक फेरीत मतदार निवडतात. म्हणून स्पीकरला आमदार सांभाळावे लागतात, धाकाने एक-दोनदा जमतं, मग जमत नाही.

ब्राऊन सांभाळायचे कसे, हे बघण्यासारखं आहे. मी सदस्यांचा स्पीकर आहे, असं ते म्हणत. ज्या मतामुळे आमदार घरी पडेल ते मत त्याच्याकडे मागायचं नाही. अवघड मतदान असेल तर ज्यांच्या जागा पक्क्या आहेत त्यांची मतं वापरायची, काठावरच्यांना मोकळं सोडायचं. वर्तमानपत्रांनी झोडपलं तर ते स्वतःच्या पाठीवर घ्यायचं, आणि इटालियन सूट घालून हिंडणाऱ्या, स्वतःला असेंब्लीचा अयातोल्ला म्हणवणाऱ्या माणसाला झोडपायला पत्रकारांना आवडायचंच. निवडणुकीच्या वेळी पैसा पोचवायचा. या सगळ्याच्या बदल्यात एकच मागणं: स्पीकरच्या मतदानाला तू माझा. रिपब्लिकन मित्रांचा मात्र लवकरच भ्रमनिरास झाला. १९८१ ला मतदारसंघांची फेररचना आली आणि नकाशे निघाले ते डेमोक्रॅटांच्या सोयीचे. पण तोवर ब्राऊन यांना त्यांच्या मतांची गरज उरली नव्हती.

१९८८ मध्ये त्यांच्याच पक्षातल्या पाच तरुण आमदारांनी ब्राऊन यांचीच युक्ती ब्राऊन यांच्यावर वापरून पाहिली: आपण पाच आणि सगळे रिपब्लिकन. ब्राऊन यांनी त्यांच्या समित्या काढून घेतल्या, खोल्या बदलल्या, आणि टिकले.

या कारभाराची दुसरी बाजू एका कापडी नॅपकिनवर लिहिलेली आहे. अगदी शब्दशः. सप्टेंबर १९८७, अधिवेशन संपायला काही तास उरलेले. सॅक्रामेंटोत फ्रँक फॅट्स नावाचं चिनी रेस्तराँ आहे, राजकारण्यांचा अड्डा. तिथे विमा कंपन्या, डॉक्टर, कारखानदार आणि नुकसानभरपाईचे खटले लढवणारे वकील, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांच्या नरड्याला लागलेली मंडळी, एकत्र बसली. कुणी कशावर पाच वर्षं गप्प बसायचं याचा तह झाला आणि सिनेटर बिल लॉकियर यांनी तो नॅपकिनवर उतरवला. मग तो विधेयकाच्या रूपात सभागृहात आला आणि चर्चा जवळपास न होता मंजूर झाला. त्या तहात तंबाखू कंपन्यांचंही साधलं. जी वस्तू मुळातच धोक्याची आहे हे सर्वांना ठाऊक आहे तिच्यासाठी उत्पादकावर खटला नाही, अशा अर्थाचं कलम आत आलं, आणि सिगारेटमुळे आजारी पडलेल्यांचा न्यायालयाचा रस्ता दहा वर्षं बंद झाला. ब्राऊन यांना हा तह घडवून आणल्याचा अभिमान होता. भांडणाऱ्यांना एका टेबलावर बसवणं ही कला आहे हे मान्य. पण त्या टेबलावर सिगारेट ओढणाऱ्याच्या घरचं कुणी नव्हतं. आणि तंबाखू कंपन्यांच्या मोठ्या देणग्या ब्राऊन घेत होते, त्यावर तेव्हाही टीका होत होती.

त्याच सुमारास एफबीआयने कोळंबीवर प्रक्रिया करणारी एक खोटी कंपनी उभी करून आमदारांपुढे लाचेचा गळ टाकला. १९८८ च्या ऑगस्टमध्ये विधिमंडळातल्या ऑफिसांवर छापे पडले आणि पुढे दोन्ही पक्षांचे काही जण तुरुंगात गेले. ब्राऊन यांच्यावर आरोप कधीच झाला नाही. पण लोकांचा राग काही आरोपपत्र वाचून ठरत नाही.

कॅलिफोर्नियात लोकांच्या हातात एक हत्यार आहे. पुरेशा सह्या गोळा केल्या तर कायदा, अगदी घटनादुरुस्तीसुद्धा, थेट मतपत्रिकेवर येते, विधिमंडळाला विचारावं लागत नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये असा प्रस्ताव १४० आला. असेंब्लीत आयुष्यात जास्तीत जास्त सहा वर्षं, राज्याच्या सिनेटमध्ये आठ, शिवाय विधिमंडळाच्या खर्चाला मोठी कात्री. प्रचारात ब्राऊन यांचाच चेहरा पुढे केला गेला. सुमारे ५२ टक्क्यांनी तो मंजूर झाला. सहा वर्षं त्या दिवसापासून मोजायची, म्हणजे १९९६ मध्ये ब्राऊन बाहेर.

हा उपाय चांगला होता का? मला नाही वाटत. आमदार सहा वर्षांत जातो, तिसऱ्या वर्षी त्याला कामकाज समजू लागतं आणि चौथ्या वर्षी तो पुढची जागा शोधू लागतो. कंपन्यांचे लॉबिस्ट मात्र तिथेच असतात, त्यांना मुदत नाही. २०१२ मध्ये मतदारांनीच हा नियम बदलून दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षं, आणि ती सगळी एकाच सभागृहात काढली तरी चालतील, असं केलं.

पण ब्राऊन यांचा शेवटचा डाव अजून बाकी होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये देशभर रिपब्लिकनांची लाट आली आणि असेंब्लीत त्यांचे ४१ आले, डेमोक्रॅट ३९. बरोबर ४१. त्यांचे नेते जिम ब्रूल्टी स्पीकर होणार हे नक्की झालं होतं. ५ डिसेंबरला नावं पुकारली जाऊ लागली. पॉल हॉर्चर हे रिपब्लिकन आमदार, ब्रूल्टींशी बिनसलेले. त्यांचं नाव आलं आणि ते म्हणाले, “ब्राऊन.” ते पक्ष सोडून अपक्ष झाले होते. ४०–४०. सभागृहात एकच गदारोळ.

आता काय करायचं? ४१ मिळत नसतील तर ४१ ची गरजच कमी करायची. रिचर्ड माउंटजॉय नावाचे रिपब्लिकन त्या निवडणुकीत असेंब्लीवरही निवडून आले होते आणि राज्याच्या सिनेटवरही. ब्रूल्टींना मत देता यावं म्हणून ते असेंब्लीत थांबले होते. एका माणसाला दोन सभागृहांत बसता येत नाही, असा मुद्दा डेमोक्रॅटांनी काढला. स्वतःच्याच प्रश्नावर माउंटजॉय यांना मत देता आलं नाही, आणि जानेवारी १९९५ मध्ये ४०–३९ ने ते बाहेर गेले. राहिले ७९. त्यांचं बहुमत ४०. ब्राऊन यांच्याकडे ४० होते. स्पीकर: विली ब्राऊन.

मतदारांनी मग दुसरं हत्यार काढलं. निवडून दिलेला माणूस मुदतीआधी परत बोलवायचा अधिकार कॅलिफोर्नियात १९११ पासून आहे, पण १९१४ नंतर एकाही आमदारावर तो यशस्वी झाला नव्हता. मे १९९५ मध्ये हॉर्चर यांना त्यांच्या मतदारांनी घरी बसवलं. म्हणजे पक्षांतराचा निवाडा होतो, पण तो अध्यक्षांच्या दालनात किंवा न्यायालयात नाही, त्या मतदारसंघात होतो. पाच-सहा महिने लागतात, पण होतो.

जूनमध्ये ब्राऊन यांनी खुर्ची सोडली, आणि रिपब्लिकनांना तरीही मिळू दिली नाही. किंवा दिली, पण त्यांना हव्या त्या माणसाला नाही. डोरिस ॲलन या रिपब्लिकन आमदार पक्षावर चिडलेल्या होत्या, कारण सिनेटच्या पोटनिवडणुकीत नेत्यांनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला साथ दिली होती. सगळ्या डेमोक्रॅटांची मतं आणि स्वतःचं एक, एवढ्या बळावर त्या स्पीकर झाल्या. कॅलिफोर्नियाच्या असेंब्लीची पहिली महिला स्पीकर. सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं, तेव्हा तसेच डेमोक्रॅटांच्या मतांवर ब्रायन सेटेन्सिच आले, तेही रिपब्लिकन. नोव्हेंबरमध्ये ॲलन यांनाही मतदारांनी परत बोलावलं. त्यांच्याबद्दल मला थोडी कणव वाटते. हॉर्चर आणि ॲलन दोघांचीही राजकीय कारकीर्द ब्राऊन यांच्या डावात खर्ची पडली. रिपब्लिकनांना आपल्या पसंतीचा स्पीकर, कर्ट प्रिंगल, मिळाला तो जानेवारी १९९६ मध्ये. ४१ आमदार निवडून आल्यावर तब्बल चौदा महिन्यांनी.

ब्राऊन तोवर गेलेही होते. डिसेंबर १९९५ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर म्हणून निवडून आले आणि आठ वर्षं राहिले. शहराची बससेवा शंभर दिवसांत सुधारतो म्हणाले, ती काही सुधारली नाही. बस ८० जणांच्या मतांवर चालत नाही.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणाऱ्या बे ब्रिजच्या पश्चिम भागाला त्यांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात आला. तेव्हा गव्हर्नर होते जेरी ब्राऊन, नात्यातले नव्हेत, फक्त आडनावबंधू, आणि १९८० साली विली पहिल्यांदा स्पीकर झाले तेव्हाही तेच गव्हर्नर होते. पुलाचं नाव आहे तेच राहू द्यावं, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पण अशा ठरावाला गव्हर्नरची सही लागत नाही, दोन्ही सभागृहांत मतं तेवढी लागतात. पाटी लागली.